बुवांच्या मौनातले दिवस

सातारा,
४ डिसेंबर १९४५

अक्का,

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे. मायन्यात साष्टांग नमस्कार वगैरे घातलं तर तुला वाटेल कुणाचा तरी अर्ज आला. म्हणून नुसतं अक्का. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच, पत्र कामाचं आहे.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. पन्नाशीच्या आतले. कोजागिरीपासून त्यांचा आवाज बसला आहे तो अजून उठत नाही. वैद्य झाले, ज्येष्ठमध झालं, हळददूध झालं. मिरजेला घशाचे कुणी चांगले डॉक्टर आहेत असं इथे ऐकलं. तू सांगलीत, मिरज तुला हाकेवर, आणि मधुकरराव वकील, त्यांना सगळ्यांची माहिती. डॉक्टर कोणत्या वारी भेटतात आणि आधी चिठ्ठी लागते का, एवढंच कळव.

आमचं ठीक चाललं आहे. हे सध्या विश्रांती घेताहेत. लढाई संपली तरी रॉकेलची रांग काही संपत नाही. तुझ्या लेकीला, सुहासिनीला, पुन्हा दिवस गेल्याचं वाईच्या आत्याकडून कळलं. तिच्या लग्नाच्या पंगतीतून मी उठून गेले, त्यानंतर आपण बोललो नाही. तिला आशीर्वाद सांग. माझं नाव नाही सांगितलंस तरी चालेल.

वेणू


सातारा,
१९ डिसेंबर १९४५

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. "डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी भेटतात. चिठ्ठी लागत नाही. तुझा शेजारी कीर्तनं करीत असला तर त्याला म्हणावं, गाडीत गार पाणी पिऊ नये."

तीन ओळी. मी उंबऱ्यातच बसून हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, तेव्हा हे आतून बाहेर आले आणि खुणेने विचारू लागले, काय झालं. मी कार्ड दाखवलं. हेसुद्धा हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. नुसते खांदे हलले. तो प्रकार पाहवला नाही मला.

हो, ह्यांचाच घसा आहे. लपवलं ते तुझ्यापासून नव्हे. कागदावर लिहिलं की खरं होईल, अशी भीती वाटत होती.

कोजागिरीला वाईच्या घाटावर कीर्तन होतं. आरतीच्या आधी शेवटचं पद चढवायला गेले आणि गळ्यातून नुसता वारा आला. ह्यांनी हात वर केले, लोकांना वाटलं बुवा आपल्यालाच म्हणायला सांगताहेत, आणि सगळा घाट गाऊ लागला. कुणाला कळलं नाही. मला कळलं. बावीस वर्षं रोज पहाटे हे माजघरात तालीम करतात आणि मी चुलीशी बसून ऐकते. ह्यांच्या आवाजात कुठे पायरी आहे आणि कुठे उंबरा आहे ते मला अंधारात चालता येईल इतकं पाठ आहे.

हे म्हणतात, त्याची इच्छा. म्हणजे तोंडाने नाही, बोट वर करून. मला ते बोट मोडावंसं वाटतं. अक्का, तुला एक सांगते. आमचं बाळ आठ महिन्यांचं होऊन गेलं तेव्हा तू तेरा दिवस माझ्यापाशी येऊन राहिली होतीस. तेव्हापासून मी देवाशी अबोला धरला आहे. चौदा वर्षं ह्यांच्या कीर्तनात बायकांच्या पुढच्या ओळीत बसते, टाळी वाजवते, नाव घेते, आणि आतून तोंड फिरवून बसलेली असते. ह्यांना देव शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटतो. ह्यांना हे माझं कधी सांगितलं नाही.

पुढल्या शुक्रवारी मिरजेला येतो आहोत. धर्मशाळेत उतरू. तू काही करू नकोस.

वेणू


मिरज,
१३ जानेवारी १९४६

अक्का,

शस्त्रक्रिया झाली. घशात मुगाच्या दाण्याएवढी गाठ होती. वाईट जातीची नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ऐकलं नसल्यासारखी पाहत राहिले. आता चैत्रापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. त्यानंतर बोलता येईल, पण आवाज लहान राहील. गाणं नाही. कीर्तन नाही.

डॉक्टर हे सांगत होते तेव्हा ह्यांनी पाटी मागितली. इथे बोलायला बंदी असलेल्या रोग्याला पाटी आणि पेन्सिल देतात. मला वाटलं आता काय लिहितात. लिहिलं, "जेवायला केव्हा मिळेल?" डॉक्टर हसून गेले. ते गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले, ते दिवे लागेपर्यंत. मी पायाशी बसून राहिले.

पण दुसऱ्या दिवसापासून निराळंच सुरू झालं. शेजारच्या खाटेवर कवठेमहांकाळचे एक थोराड पाटील आहेत, ते दुपारी घोरतात. ह्यांनी पाटी पुढे केली, "यांचा षड्ज चांगला लागला आहे. पंचमाला जात नाहीत." मला हसू आवरेना, नर्सबाई रागावल्या. मग दिवसभर तेच. बावीस वर्षांत हे हजारो माणसांशी बोलले आणि घरी येऊन थकून गप्प बसले. घरात आमचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, आणि धोतर वाळलं का. आता बोलायला बंदी झाली तेव्हा माझ्याशी बोलत सुटले आहेत. अक्षर किती सुरेख आहे, अक्का, मला माहीतच नव्हतं.

काल मी लिंबू कापत होते. ह्यांनी बराच वेळ काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी वळवली. "तुझ्या कपाळावर उजवीकडे बारीक तीळ आहे. केव्हापासून?"

मी म्हटलं, "जन्मापासून."

त्यांनी लिहिलं, "मी उशिरा आलो." आणि मग पाटी पुसून टाकली. यंदा मी चाळिशी ओलांडेन. या वयात लाजायला होतं हे कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

काल दुपारी एक गडी डबा देऊन गेला. मऊ भात आणि आमसुलाचं सार. कुणाकडून म्हणून विचारलं तर म्हणाला, "सांगू नका म्हणून सांगितलंय." सारात गूळ आधी आणि मीठ मागून घालणारी एकच बाई मला माहीत आहे. तू स्वतः आली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ गड्याबरोबर पाठवते आहे. आपल्या घरचं भांडण आपण तसंच ठेवू, पण तिळगूळ खा.

वेणू


सातारा,
२४ फेब्रुवारी १९४६

अक्का,

बसून वाच. मी कीर्तन केलं.

कसं ते सांगते. कोरेगावजवळच्या वाडीत मनुबाई म्हणून एक शेतकरीण आहे. तिचा मुलगा जोतिबा चार वर्षं पलटणीत होता, शेवटी इटलीत. तो सुखरूप आला तर गंगाधरबुवांचं कीर्तन करीन असा तिचा नवस. जोतिबा पौषात आला. तिने आमच्याकडे सुपारी आणि नारळ धाडलेला, तो परत करायला मी गेले. हे बरोबर होते, पाटी काखेत घेऊन.

मनुबाई अंगणात शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि नारळ माझ्या हातात तसाच ठेवला.

"बुवांचा गळा गेला, पर नवस कुटं गेलाय? तुमी करा की."

"अहो, मी कसं करू? मी बाईमाणूस."

"मंग मी कोन हाय? नवस बाईनंच बोलला न्हवं?"

"मला येत नाही, मनुबाई."

"बावीस वरसं ऐकलंसा. माजी म्हस बी आता बुवांचं पद वळकती." असं म्हणून ती ह्यांच्याकडे वळली. "काय वो बुवा, येतंय का न्हाई हिला?"

हे पाटीवर काही लिहितील म्हणून मी वाट पाहिली. ह्यांनी पाटी उचलली नाही. पिशवीतून झांज काढली आणि माझ्यापुढे धरली नाही, स्वतःच्या हातात घेतली. म्हणजे ताल ते धरणार.

दुपार कलल्यावर अंगणात साठ-सत्तर माणसं जमली.  नेहमीचं पोह्यांचं आख्यान लावलं. गरीब मित्र राजा झालेल्या मित्राकडे निघतो, बायको फडक्यात पोहे बांधून देते. इथपर्यंत ठीक आलं. ह्यांचे शब्द, ह्यांच्या जागा, सगळं पाठ. नवरा वेशीबाहेर गेला, आणि मी अडकले. पुढचं पदच आठवेना. मी तिथेच दारात उभ्या राहिलेल्या त्या बायकोपाशी थांबले. आणि माझ्या तोंडून गेलं, "तो गेला. आता हिचं काय?"

समोर बायका बसल्या होत्या. त्या पुढे सरकल्या.

मग मी ती बायको सांगत गेले. तो राजवाड्यात मिठ्या मारतोय, आणि ही इथे काय करत असेल? डबे झाडून पीठ काढलं असेल. पोरांना म्हटलं असेल, आज येतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आज येतील. देवाला म्हटलं असेल, तुझे पोहे तुला पोचले, आता माझा माणूस दे. आणि तिसऱ्या दिवशी देवावर रागावली असेल. आणि जे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सत्तर माणसांत सांगितलं. मीही रागावले आहे, चौदा वर्षं, म्हटलं. रोज नाव घेते आणि रागावलेली असते. असलं नाव तिकडे पोचतं का, मला ठाऊक नाही.

 तेव्हा जोतिबा कडेला उभा होता तो म्हणाला, "पोचतंय, बाई. आमच्या तुकडीत एक जोडीदार हुता. गोळं पडाय लागलं की द्येवाला लय शिव्या द्यायचा. शिव्या दीतच हात जोडायचा. त्यो बी घरी पोचला."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. मनुबाई पदराने तोंड पुसत हसत होती. मागून झांज सुरू झाली, आणि पद मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, बायकांनीच उचललं.

आरतीनंतर एक म्हातारी माझी बोटं धरून म्हणाली, "चार लेकरं गेली माजी. म्या बी बोलत न्हाई त्येच्याशी. पर आज बोलंन म्हनते." मी तिच्या कपाळाला बुक्का लावला.

गाडीतून येताना मी किती हलकी होते ते कसं सांगू? मी आठ वर्षांची असताना आपण दोघी कृष्णेच्या डोहात शिरलो होतो आणि तू माझ्या पोटाखालचा हात काढून घेतलास, तरी मी तरंगले. तसं.

ह्यांनाही आनंद झाला आहे.

वेणू


सातारा,
१५ मार्च १९४६

अक्का,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. तू ते ओळखलंस आणि विचारलंस, "बुवा काय म्हणाले, ते एकाच ओळीत का?"

बुवा काहीच म्हणाले नाहीत. वाडीहून आल्यावर तीन दिवस पाटी कोरी होती. जेवायचे, देवपूजा करायचे, खिडकीपाशी बसायचे. मी विचारलं, "रागावलात?" मान हलवून नाही म्हणाले. ह्यांची गादी मी काढून घेतली असं मला वाटू लागलं. चौथ्या दिवशी पहाटे मी चूल पेटवत होते, तर हे पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. लिहिलं होतं, "दोनदा सम चुकलीस. एकदा मीही चुकलो, डोळ्यांत पाणी होतं." मी वाचलं हे पाहून पुसलं आणि खाली नवं लिहिलं. "बाळापासूनचा हा राग मला का सांगितला नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही देवाचे. तुम्हाला काय सांगणार?"

ह्यांनी लिहिलं, "मीही वर्षभर नुसता पाठ म्हणत होतो. तुला कळू नये म्हणून मोठ्याने."

चूल तशीच राहिली. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच जमिनीवर बसलो होतो. चौदा वर्षं एकाच घरात दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, अक्का. आपण किती शहाणी माणसं.

त्या दिवसापासून रोज पहाटे तालीम. मी उभी राहते, हे बसतात. चुकले की पेन्सिलीने पाटीवर टक्कन वाजवतात. फार कडक मास्तर आहेत.

आता तुझं दुसरं. तू लिहिलंस की सुहासिनीच्या लग्नातल्या त्या पंगतीतली पानं तूच मांडलीस, सासूबाईंच्या धाकाने. बुवांचं पान वाजंत्र्यांच्या ओळीत मांडलं आणि तेव्हापासून तुला ते सलतं. अक्का, तुझं पत्र वाचून मला फार शरम वाटली. कारण हे त्या ओळीत मजेत जेवत होते. सनईवाल्याशी कुठल्याशा रागावरून वाद घालत होते आणि जिलबी तीनदा घेतली. अपमान ह्यांचा झालाच नव्हता. तुझ्या सासरची माणसं, तो चांदीचा पाट, शालू, आणि माझा नवरा तिकडे वाजंत्र्यांत हसतोय, त्याची मला लाज वाटली. ह्यांची लाज. ती मला सोसली नाही, म्हणून मी ताटावरून उठले आणि सगळा दोष तुझ्या पदरात टाकला. नऊ वर्षं मी स्वतःला मानी बायको समजत होते. ह्यांनाही हे सांगितलं. ह्यांनी लिहिलं, "जिलबी खरंच चांगली होती."

आणि आता मधुकररावांचं पत्र. तुमच्या देवळात रामनवमीच्या उत्सवात ह्यांच्याऐवजी मी दोन दिवस कीर्तन करावं, असं त्यांनी पंचांत मांडलं. थोरले पंच नानासो यांनी हरकत घेतली की बाईने गादीवर उभं राहायचा रिवाज नाही. मग असं ठरलं म्हणे, की मी गादीवर न चढता खाली जमिनीवर उभी राहून करावं. मला आधी राग आला. ह्यांनी लिहिलं, "बरंच झालं. चैत्रात वरची फरशी तापते."

येते आहे. तू भांडू नकोस माझ्यासाठी. पण घरी असशील ना?

वेणू


सांगली, तुझ्या घरून,
रामनवमीनंतरचा दुसरा दिवस, १९४६

अक्का,

नऊ वर्षांनी तुझ्या घरात पाऊल टाकलं आणि तू पुण्याला. सुहासिनीला आठवड्याआधीच कळा सुरू व्हाव्यात याला काय म्हणायचं? नात झाल्याची तार काल आली. मधुकररावांनी सगळ्या आळीत पेढे वाटले आणि त्या गडबडीत स्वतः पाच खाल्ले. मी तुझ्या टेबलाशी, तुझ्या दौतीतल्या शाईने लिहिते आहे. तुझी स्वयंपाकीण दगडाबाई मला चुलीजवळ फिरकू देत नाही. म्हणते, "बाईसाबांनी सांगितलंय, भनीला काम लावायचं न्हाई." म्हणजे तू हे सांगून गेलीस.

आता कीर्तनाचं. देवळात तुमच्याकडे पुरुष समोर बसतात आणि बायका उजवीकडे खांबांच्या मागे. मला खाली उभं राहायला जागा दिली ती नेमकी त्या खांबापाशी. म्हणजे बायका माझ्या तोंडासमोर आणि सगळे पुरुष कडेला. ज्याला ऐकायचं त्याने मान वळवावी. नानासो पहिल्या ओळीत लोडाला टेकून समोर रिकाम्या गादीकडे पाहत बसले होते. पोह्यांची पुरचुंडी बांधेपर्यंत ते तसेच होते. नवरा वेशीबाहेर गेला, मी म्हटलं "आता हिचं काय?", तेव्हा त्यांची मान अर्धी वळली. पीठ संपलं तेव्हा पुरी. शेवटी ते लोड उचलून सरळ बायकांकडे तोंड करून बसले, आणि ते वळले तसे बाकीचे शे-दोनशे पुरुष वळले. राम पाठीमागे राहिला बिचारा. त्याने राग धरला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो तुमच्या ओसरीवर हजर. मधुकररावांना म्हणाले, "वकीलसाहेब, आज बाईंस्नी वरच उभ्या करा."

मधुकररावांनी मुद्दाम विचारलं, "आणि रिवाज?"

"रिवाज ऱ्हाऊ द्या. माजी मान धरली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात मंडळी इचारत्यात, त्या बाईची पोरं उपाशी झोपली का जेवून?"

त्या दिवशी मी गादीवरून केलं. फरशी खरंच तापलेली होती.

मला वाटलं होतं, गादीवर उभं राहिलं की एकदम काही उमजेल, देव आहे की नाही, असलं. तसं काही झालं नाही. पण बोलताना कुणीतरी ऐकतं आहे असं वाटतं, आणि ते कुणी समोरच्या बायकांहून जास्त असेल तर आता माझी हरकत नाही. अबोला सुटला आहे. कुणी आधी सोडला ते आठवत नाही, घरातल्या भांडणात असतं तसं.

आज सकाळी मिरजेला गेलो होतो. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि म्हणाले, "छान भरला आहे. आता बोला, हळू. एकच शब्द." मला वाटलं हे रामनाम घेतील. तेच घेणार, दुसरं काय? हे माझ्याकडे पाहत राहिले, ओठ ओले केले, आणि म्हणाले, "क्षमा."

आवाज कसला, वाळकं पान सरकावं तेवढा. डॉक्टर गडबडले. "अहो बुवा, क्षमा कसली मागता? तुम्ही पथ्य उत्तम पाळलंत."

अक्का, तू मला वेणू म्हणतेस, सासरचं नाव तुला आठवत नसेल. लग्नात ह्यांनीच तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं, क्षमा. लिहिलं तेवढंच. बावीस वर्षांत एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. "अगं" आणि "ऐकलंस का". डॉक्टरांना हे सांगायचं कसं? मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं मी रडते आहे, त्यांनी पाणी मागवलं. हे मात्र पुन्हा पाटी शोधू लागले, आता गरज नाही हे विसरून.

परतीच्या टांग्यात ह्यांनी आणखी तीन शब्द खर्च केले. ते तुला सांगणार नाही.

बाळ-बाळंतिणीला सांभाळ. बारशाला मला पुण्यास येता येणार नाही, कारण नानासोंनी नेमकं त्याच दिवशी आणखी एक कीर्तन ठरवून टाकलं आहे, मला न विचारता. त्यामुळे तू येईपर्यंत आम्ही इथेच आहोत. कोणत्या गाडीने येतेस ते कळव, दोघंही स्टेशनवर येऊ. ह्यांना तुला "या, अक्का" म्हणायचं आहे, आतापासून जुळवाजुळव चालली आहे. गाडीतून उतरलीस की सामान हमालाकडे दे आणि आधी ह्यांच्या अगदी जवळ येऊन उभी राहा. लांबून ऐकू येत नाही.

वेणू